सर्व्हर डाऊन नव्हता: पतसंस्थांच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
यवतमाळ जिल्ह्यातील सर्व सहकारी पतसंस्थांचे अध्यक्ष, संचालक आणि व्यवस्थापक

विषय: रॅन्समवेअरने (फायलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने) संस्था बंद पडते तेव्हा काय होतं, याबाबत.
संदर्भ: काहीच नाही. आपल्यापैकी कोणी याबद्दल काही लिहून ठेवलेलं नाही, म्हणून.

सप्रेम नमस्कार.

तीन वर्षांपूर्वीची पोळ्याची कर. आदल्या दिवशी स्थानिक सुटी होती, शाखा बंद. सकाळी पावणेदहाला शटर उघडलं, शिपायाने उदबत्ती लावली, ऑपरेटर मुलीने मॉनिटरचं बटण दाबलं आणि मला हाक मारली, "मॅडम, हे काय आलं जी?" काळ्या स्क्रीनवर इंग्रजी मजकूर होता. तुमच्या फायलींना आम्ही कुलूप लावलं आहे, किल्ली पाहिजे तर बिटकॉइनमध्ये पैसे द्या, तीन दिवसांनी रक्कम दुप्पट. त्याच वेळी दारात तान्ह्या पोळ्याची पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागत उभी होती. आतलाही बोजाराच मागत होता, फक्त त्याचा बैल कुठे बांधला आहे ते आम्हाला दिसत नव्हतं.

त्या पतसंस्थेत मी सव्वीस वर्षं लेखापाल होते. यंदा निवृत्त झाले, म्हणून हे लिहायची हिंमत. संस्थेचं नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी नाव शोधण्यापेक्षा आपापल्या सर्व्हरच्या मागे जाऊन एकदा बघावं. काय बघायचं, ते पुढे येईलच.

पहिल्या दोन तासांत आम्ही जे केलं ते सांगते, कारण तुमच्याकडेही तेच होणार आहे. व्यवस्थापकांनी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "व्हायरस आहे, फॉरमॅट मारा, मी रिमोटवरून नवीन टाकून देतो." त्याच्या शब्दावर आम्ही सर्व्हर फॉरमॅट केला. साडेबारा वाजले तेव्हा चोराच्या पावलांचे ठसे आम्ही स्वतःच्या हाताने पुसून टाकले होते. तो कुठून आला, कधीपासून आत होता, काय काय घेऊन गेला, हे आता कोणालाच कळणार नव्हतं. करायला हवं होतं ते फार सोपं: नेटवर्कची वायर उपटायची, मशीनला हात लावायचा नाही, स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि ती डिस्क तशीच बाजूला ठेवायची. आज न उघडणारं कुलूप उद्या उघडू शकतं. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये 'नो मोअर रॅन्सम' नावाचा उपक्रम सुरू केला. सापडलेल्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. पण किल्ली चालवायला कुलूप तर शिल्लक पाहिजे ना! आम्ही दारच जाळून टाकलं होतं.

मग सगळे म्हणाले, बॅकअप आहे. होता. बाहेरची हार्ड डिस्क होती, पण ती 'बाहेरची' फक्त नावाला. रात्रंदिवस सर्व्हरच्या मागे खोचलेली असायची, कारण रोज काढा-लावा कोण करणार? सर्व्हरवर आलेल्याने तिलाही कुलूप लावलं. तर सर्व्हरच्या मागे बघायचं ते हे.

आता माझी चूक. आमच्याकडे बॅकअपचं रजिस्टर होतं. रोज संध्याकाळी तारीख, वेळ, 'बॅकअप घेतला' आणि खाली माझी सही. कित्येक वर्षं मी सही केली. त्या डिस्कवरची एक तरी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडते का, हे एकदाही पाहिलं नाही. लेखापरीक्षकांनी दरवर्षी ते रजिस्टर तपासलं, हिरव्या शाईने बरोबरची खूण केली. त्यांनीही डिस्क मागितली नाही. रजिस्टर अगदी चोख होतं. आजही असेल.

खरं तर एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. मशीन बिघडतं, माणसं चुकतात. आम्हाला महाग पडली ती पुढची चार दिवसांची थाप.

दाराला कागद लावला: 'सर्व्हर डाऊन असल्याने व्यवहार बंद'. सर्व्हर डाऊन नव्हता, मेला होता. अध्यक्षांची भीती मी समजू शकते, तेव्हा मीही त्यांच्याच बाजूने बोलले होते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. आपल्याकडचा माणूस पैसे ठेवतो तो अध्यक्षाचं तोंड बघून. ते तोंड उतरलेलं दिसलं की रांग लागलीच समजा. म्हणून ठरलं की कोणाला काही बोलायचं नाही. कॅशिअर म्हणायचा लिंक नाही, शिपाई म्हणायचा उद्या या. दिवस फवारणीचे होते, गणपती तोंडावर, लोकांना पैसा पाहिजे होता. पाचव्या दिवशी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागलं की संस्था बुडाली, संचालक पैसे घेऊन पळाले. संचालक तर बिचारे मागच्या खोलीत चहा पीत बसले होते. दहा वाजेपर्यंत रांग एसटी स्टँडच्या वळणापर्यंत गेली.

त्या दिवशी शेवटी खरं सांगितलं, ते ठरवून नाही, दुसरा मार्गच उरला नाही म्हणून. बाहेर ओट्यावर उभं राहून अध्यक्षांनी सांगितलं की कॉम्प्युटरवर दरोडा पडला, तिजोरीतली रोकड जागेवर आहे, आमचा हिशेब गेला. दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग बचत गटाच्या एक आजी पुढे आल्या आणि म्हणाल्या, "मंग हे पयल्याच दिशी सांगून टाकाचं ना बाप्पा. चोर त कोनाच्याई घरी येते." आणि पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पासबुक काढून माझ्यासमोर ठेवलं. तांदळाच्या कोठीत ठेवायच्या त्या, उंदरं लागू नयेत म्हणून.

त्या पासबुकाने आमचे डोळे उघडले. हिशेब सर्व्हरवर नव्हता, पण गावात होता. बचत गटांच्या बायकांची पासबुकं शेवटच्या व्यवहारापर्यंत भरलेली निघाली, कारण त्या भरून घेतल्याशिवाय काउंटरवरून हलतच नाहीत. मोठ्या ठेवीदारांच्या पासबुकात दोन-दोन वर्षं नोंद नव्हती. दैनिक ठेवीच्या एजंटांच्या हातातल्या मशीनमध्ये काही आठवड्यांचा भरणा शिल्लक होता. लेखापरीक्षकांकडे ३१ मार्चचं तेरीजपत्रक, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, मिळालं. रोजचा जमाखर्च आम्ही डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापून फाइलला लावायचो, पण रिबीन बदलायची काटकसर इतकी, की तीन आणि आठ यांत फरक कळत नव्हता. एका आकड्यावरून मी आणि कॅशिअर अर्धा दिवस भांडलो आहोत. कर्जदारांचं काय म्हणाल, तर त्यांच्यापैकी पासबुक घेऊन स्वतःहून आलेले मी एका हाताच्या बोटांवर मोजले. बरं झालं, कर्जरोखे आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचे वसुलीचे दाखले कागदावर होते.

सेहेचाळीस दिवस लागले. यातले पहिले चार आम्ही लपवण्यात घालवले, आणि त्या चार दिवसांनी जी माणसं खाती बंद करून गेली ती परत आली नाहीत.

नॉर्वेमध्ये नॉर्स्क हायड्रो नावाची अ‍ॅल्युमिनियमची कंपनी आहे. चाळीस देशांत पसारा, पस्तीस हजार माणसं. १९ मार्च २०१९ ला तिच्यावर असाच हल्ला झाला. त्यांनी त्याच दिवशी जाहीर सांगितलं, पत्रकारांना बोलावलं, रोज काय चालू आणि काय बंद ते सांगत राहिले, खंडणी दिली नाही. कारखाने हाताने चालवायला घेतले, आणि कागदावरचं काम ज्यांना येत होतं ते निवृत्त कामगार मदतीला परत आले. हे वाचलं तेव्हा मला आमचे जुने कॅशिअर आठवले. खतावणी हाताने ओढणारा शेवटचा माणूस, घर शाखेपासून चार गल्ल्यांवर. आम्ही त्यांना तेविसाव्या दिवशी बोलावलं. म्हणाले, मला वाटलं तुम्ही मला विसरले.

खंडणीबद्दल थोडं सांगते, कारण तातडीच्या सभेत सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. एका संचालकांचं म्हणणं, गुपचूप देऊन टाका आणि मोकळे व्हा. दुसऱ्यांचा जावई नागपुरात बिटकॉइनवाल्या कोणाला तरी ओळखत होता. मी एवढंच विचारलं की साहेब, हा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकू? किरकोळ खर्च, की दुरुस्ती-देखभाल? सभेत हशा झाला, आणि विषय तिथेच मिटला. चेष्टा सोडा, पण पैसे दिले म्हणजे सुटलो असं होत नाही, हे मला नंतर वाचून कळलं. अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइनने मे २०२१ मध्ये चव्वेचाळीस लाख डॉलरच्या आसपास खंडणी दिली. मिळालेली किल्ली इतकी संथ चालली, की त्यांना आपल्याच बॅकअपवरून काम करावं लागलं. त्याच महिन्यात आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेवर हल्ला झाला, चोरांनी पुढे किल्ली फुकटात देऊन टाकली, तरी सगळे सर्व्हर उघडायला सप्टेंबर उजाडला. किल्ली मिळाली तरी घर आवरावंच लागतं.

आणि चोर नुसतं कुलूप लावत नाही, आधी आतलं सामान उचलतो. आपल्या सर्व्हरवर सभासदांचं आधार, पॅन, फोटो, सह्या, मोबाइल नंबर सगळं असतं. आमचं काय गेलं ते फॉरमॅटमुळे कधी कळलंच नाही. म्हणून सभासदांना पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं की तुमची माहिती कोणाच्या हाती लागलेली असू शकते, संस्थेच्या नावाने फोन आला तर ओटीपी देऊ नका. आम्ही लिंक नाही म्हणत बसलो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तिकडे येते.

चोर आला कुठून? फॉरमॅटनंतर पुरावा नव्हता, पण अंदाज बांधायला फार डोकं लागत नाही. सॉफ्टवेअरवाल्याला रात्री-बेरात्री दुरून काम करता यावं म्हणून आमचा सर्व्हर कधी बंद होत नव्हता. रिमोटचं दार इंटरनेटवर सताड उघडं, आणि पासवर्ड म्हणजे संस्थेच्या नावाची पहिली चार अक्षरं आणि पुढे १२३. तो पासवर्ड त्याने आमच्यासाठी शोधून काढलेला नव्हता. त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना तो त्याच साच्यातला पासवर्ड द्यायचा. हे मला आमच्या चौथ्या दिवशी कळलं. मी व्यवस्थापकांना म्हटलं, बाकीच्या संस्थांना एक फोन करून टाकू का? ते म्हणाले, म्हणजे आपली बोंब आपणच मारायची? मी गप्प बसले.

अठरा दिवसांनी शेजारच्या तालुक्यातली एक पतसंस्था तशीच पडली. तोच सॉफ्टवेअरवाला, तसलाच पासवर्ड, सर्व्हरच्या मागे खोचलेली तशीच डिस्क. आमच्याहून लहान संस्था. तिथल्या लेखापाल माझ्या ओळखीच्या. एका लग्नात भेटल्या तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांत बघू शकले नाही. त्यांना अजून माहीत नसावं. हे पत्र वाचलं तर कळेल.

आपण सहकारी आहोत असं म्हणतो. कर्जबुडव्याचं नाव मात्र दुसऱ्या संस्थेला लगेच कळवतो, ते बरोबर जमतं. स्वतःच्या फजितीचं कळवत नाही. चोरांना मात्र माहीत असतं की एका गावच्या वाड्याला जे कुलूप आहे तेच पुढच्या गावच्या वाड्यालाही आहे. ३१ जुलै २०२४ ला सी-एज या तंत्रज्ञान कंपनीवर रॅन्समवेअर आल्याचं कळताच एनपीसीआयने (यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने) तिला पेमेंटच्या जाळ्यापासून तोडलं, आणि देशातल्या तीनशेच्या आसपास लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांची यूपीआय, एटीएमची सेवा एका दिवसासाठी थांबली. त्या बँकांचं आपलं काही चुकलं नव्हतं. सगळ्यांची दोरी एका खुंटीला बांधलेली होती, एवढंच. निदान तिथे कोणीतरी तोडायचा निर्णय वेळेत घेतला आणि लपवलं नाही.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये हल्ला झाला. त्यांनी खंडणी दिली नाही, चोरांनी सहाशे जीबी माहिती बाहेर टाकली. मार्च २०२४ मध्ये त्या लायब्ररीने स्वतःच एक अहवाल छापून सगळ्या जगाला वाचायला मोकळा केला. आपण कुठे चुकलो, कोणतं काम खर्च आणि अडचणी बघून मागे ठेवलं, जुनी यंत्रणा किती नडली, आणि शेवटी सोळा धडे. एवढ्या मोठ्या संस्थेला आपली फजिती छापताना लाज वाटली नाही. आपण मात्र आमसभेच्या अहवालात एक ओळ टाकली: 'तांत्रिक कारणामुळे काही काळ व्यवहार विस्कळीत झाले.' ती ओळ मीच टाइप केली होती.

दिल्लीच्या एम्सचं तर तुम्ही पेपरात वाचलंच असेल. २३ नोव्हेंबर २०२२ पासून दोनेक आठवडे ओपीडीच्या चिठ्ठ्या हाताने लिहिल्या गेल्या. सरकारने संसदेत सांगितलं की नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते. कप्पे म्हणजे काय, ते ज्याच्या घरी धान्याच्या कोठ्या वेगवेगळ्या आहेत त्याला समजवायला नको. एका कोठीत पोरकिडा लागला तर दुसरी वाचते. आमच्याकडे काउंटर, कर्ज विभाग, व्यवस्थापकांचा लॅपटॉप आणि त्यांच्या नातवाचा गेम खेळायचा मोबाइलसुद्धा एकाच वायफायवर होता.

आमच्या संस्थेने धडा घेतला का? घेतला, असं कागदावर आहे. चौकशी समिती नेमली, तिने ऑपरेटर मुलीला दोषी ठरवलं. कंत्राटी होती, काढून टाकली. तिने चार महिने आधी लेखी दिलं होतं की डिस्क भरत आली आहे, दुसरी घ्या. तो अर्ज मी पाहिला आहे, त्यावर 'पुढील सभेत ठेवणे' असा शेरा आहे. खाली सही कोणाची, ते इथे लिहीत नाही. सॉफ्टवेअरवाल्याचं कंत्राट मात्र पुढच्याच वर्षी वाढवून दिलं. इंग्लंडमध्ये केएनपी नावाची दीडशे वर्षांहून जुनी ट्रकवाहतुकीची कंपनी अशाच हल्ल्यानंतर २०२३ मध्ये बुडाली, सातशे माणसांचं काम गेलं. कोणाचा तरी कच्चा पासवर्ड चोरांनी ओळखला असावा असं निघालं. तिच्या संचालकाने त्या कर्मचाऱ्याला हे सांगितलं नाही. आमच्या मुलीला सगळ्या तालुक्याने सांगितलं.

आता मागणं. फार नाही.

जिल्ह्यातल्या संस्थांनी मिळून एक वही ठेवावी. जिच्यावर हल्ला होईल तिने चोवीस तासांत बाकीच्यांना कळवावं: कोणतं सॉफ्टवेअर, कुठलं दार, काय दिसलं. नाव छापू नका हवं तर, पण कळवा. सरकारला तर कळवावंच लागतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत. आम्हाला हा नियम अकराव्या दिवशी कळला, तोही लेखापरीक्षकांच्या मुलाकडून. आणि १९३० हा नंबर खात्यातून पैसे गेले तर आहे, तो काउंटरच्या काचेवर चिकटवून ठेवा.

बॅकअपची डिस्क काम झालं की काढून संचालकाच्या घरी न्या, महिन्याने आलटूनपालटून दोन ठेवा. मर्स्क या जहाज कंपनीवर जून २०१७ मध्ये हल्ला झाला तेव्हा तिच्या जगभरच्या मुख्य ओळख-सर्व्हरच्या (कोणाला आत सोडायचं ते ठरवणाऱ्या मशीनच्या) सगळ्या प्रती पुसल्या गेल्या. आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातही त्यांचं टर्मिनल अडलं होतं. एकच प्रत वाचली, घाना देशातली, कारण त्या वेळी तिथे लाइट गेली होती. ती प्रत विमानाने लंडनला नेली आणि मर्स्कने दहा दिवसांत चार हजार सर्व्हर पुन्हा उभे केले. आपल्याकडे लाइट जाण्याची कमतरता नाही, तरी भारनियमनाच्या भरवशावर राहू नका.

वर्षातून एक शनिवार ठरवा. सर्व्हर बंद करून अर्धा दिवस कागदावर शाखा चालवा, आणि त्याच दिवशी बॅकअपची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून संचालकांसमोर दहा खाती उघडून दाखवा. नाही उघडली तर लाजायचं कारण नाही, शनिवारी कळलं हेच बरं. सॉफ्टवेअरवाल्याचं रिमोट त्याने फोन करून मागितल्यावरच सुरू करा आणि काम झालं की बंद करा. तो कुरकुरेल, कुरकुरू द्या. आणि दाराला कागद लावायची वेळ आली तर त्यावर खरं लिहा.

त्या सेहेचाळीस दिवसांची मी एक वही लिहिली आहे. कोणत्या दिवशी काय केलं, कोणाला फोन केला, पासबुकावरून खातं कसं उभं केलं, व्याजाचा फरक कुठे आला, सगळं तारीखवार. दोनशे पानी आहे, अक्षर बरं आहे. ज्या संस्थेला पाहिजे तिने माणूस पाठवावा, मी दुपारी घरीच असते. फक्त वही त्याच दिवशी परत आणा, आणि झेरॉक्स काढताना दोन काढा, एक माझ्यासाठी. हे पत्र लिहिता लिहिता लक्षात आलं, तिची दुसरी प्रत मी अजून काढलेलीच नाही.

आपली,
एक निवृत्त लेखापाल